कडक रुमालांना क्षय झाला

अख्खा हॉल खोकत होता. साधंसुधं नव्हे, ईर्ष्येने. म्हातारे, तरणे, लठ्ठ, लुकडे, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, सगळे मांडीला मांडी लावून बसलेले आणि प्रत्येकाच्या तोंडाशी एकेक पांढरा हातरुमाल. स्टेजवरून फवारेबाबांचा हात वर गेला की सगळ्यांनी श्वास आत ओढायचा आणि हात खाली आला की खोकायचं. खिडक्या ठार बंद, कारण वाऱ्याने म्हणे लहरी विस्कटतात. क्षयाच्या एखाद्या डॉक्टरने हा देखावा पाहिला असता तर तो उभ्या जागी वाळला असता.

"पोटातून, बाळांनो, बेंबीच्या देठापासून," बाबा माइकमध्ये म्हणत होते. "आत जो झोपलाय त्याला रुमालात येऊ द्या. लाजू नका, मी सगळ्यांचं सगळं पाहिलंय."

माझ्या शेजारी माझी नणंद इतक्या भक्तिभावाने खोकली की तिचा खोटा दात रुमालात पडला. तिने तो निरखून पाहिला, परत जागेवर बसवला आणि म्हणाली, "वहिनी, आतून काहीतरी सुटलं बघा."

"डोक्यातलं नाही ना, वन्सं?" मी विचारलं.

बाबांच्या अंगात पायघोळ पांढरा झगा आणि हातात फवाऱ्याची बाटली. इस्त्रीआधी कपड्यावर पाणी मारायला आमच्याकडे असते तसलीच, फक्त हिला सोनेरी कागद चिकटवलेला. आत बिनदुधाच्या पातळ चहासारखं पाणी. त्याचं नाव दर्शनजल. तुम्ही रुमालात खोकायचं, बाबांनी त्यावर फवारा मारायचा. अंगात क्षय असेल तर पांढऱ्या रुमालावर निळा-काळा डाग शाईसारखा पसरतो. नसेल तर रुमाल जरासा पिवळसर होतो, त्याला तेज म्हणायचं. डाग उठला तर बाबांचं चूर्ण घ्यायचं आणि तो रुमाल टेबलावरच्या काचेच्या भांड्यात बुडवायचा. त्यातल्या पाण्याचं नाव शांतिजल. बुडवला की डाग डोळ्यांदेखत गायब. माणसं रडायची, टाळ्या वाजवायची, एकमेकांच्या गळ्यात पडायची, आणि गळ्यात पडून पुन्हा खोकायची.

"क्षय दोन तऱ्हेचा," बाबा सांगत होते. "एक जागा, एक झोपलेला. जागा असतो तो खोकतो. झोपलेला असतो तो घोरतो. त्याचं घोरणं डॉक्टरांच्या मशीनला ऐकू येत नाही. माझ्या पाण्याला येतं."

पुढच्या रांगेत माझा धाकटा मुलगा आणि त्याची बायको बसली होती. आमच्या मायलेकांची पैज लागली होती. आज त्याचा रुमाल निळा झाला तर तो क्षयाच्या गोळ्या पुन्हा सुरू करणार. पिवळा राहिला तर मी गोळ्यांचं नाव जन्मात काढायचं नाही. माझ्या पोराचा जीव त्या दिवशी एका हातरुमालावर टांगलेला होता, आणि तो टांगायला मीच कबूल झाले होते, कारण दुसरी कुठलीही भाषा त्याच्या कानात शिरत नव्हती.

हे इथवर कसं आलं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाईसुद्धा खोकणाऱ्यांतलीच.

माझी लाँड्री आहे. सासूबाईंनी मला सोपवली. मी कुणाला सोपवणार ते अजून ठरवलेलं नाही, आणि विचारणाऱ्याला मी इस्त्री दाखवते. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, वकिलांच्या कॉलरी, सगळं आमच्याकडे लुळं येतं आणि ताठ होऊन जातं. खळ घालावी तर आम्हीच. खळ म्हणजे पिठूळ पदार्थाची पातळ पेज, शिकलेले लोक तिला स्टार्च म्हणतात. कपडा तिच्यात बुडवून वाळवला आणि वर गरम इस्त्री फिरवली की कागदासारखा उभा राहतो. आमच्याकडून गेलेला शर्ट नुसता खुर्चीत ठेवला तरी साहेब बसलेत असं वाटतं. कधीकधी तर साहेबांपेक्षा बरा दिसतो.

धाकटा इस्त्रीवर असतो. त्याला खोकला लागला. मी आधी तो वाफेवर ढकलला, मग सिगारेटीवर, मग त्याच्या बापाच्या वळणावर. खोकल्याने कुणाचंच ऐकलं नाही, आठवडे उलटले तरी मुक्काम हलेना. संध्याकाळी अंग कोमट, सकाळी उशी घामाने ओली. आणि शर्ट तर बोलायलाच लागला. माप तेच, कॉलर तीच, पण तिच्यात मान अशी हलायची जसा घंटेत लोलक. मी त्याचा दंड धरला आणि सरळ दवाखान्यात नेला.

डॉक्टरीणबाईंनी थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला आणि म्हणाल्या, "फुप्फुसाचा क्षय आहे, मावशी. जागा झालेला. पण पूर्ण बरा होतो."

"त्याची ताटवाटी वेगळी करू?" मी विचारलं.

"ताटवाटीने काय घोडं मारलंय? हा खोकल्यातून हवेत जातो आणि दुसऱ्याच्या श्वासातून आत शिरतो. घराच्या खिडक्या उघड्या ठेवा. सुरुवातीला त्याने तोंडावर मास्क लावायचा. औषध नीट गेलं की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण द्यायची त्याची ताकद बहुतेक संपते. पण औषध सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं, पुढे कमी. मधे बरं वाटेल, तेव्हा बंद करायचं नाही."

"बरं वाटल्यावर कशाला घ्यायचं?" धाकट्याने विचारलं.

"कारण आधी मरतात ते लेचेपेचे जंतू. चिवट मागे उरतात. तुम्ही औषध सोडलंत की ते पुन्हा वाढतात, आणि मग त्यांच्यावर हीच औषधं चालेनाशी होऊ शकतात."

मग त्यांनी घरातल्या सगळ्यांना तपासलं. मी ठणठणीत, आमचे हे ठणठणीत. सूनबाईची रक्ताची तपासणी मात्र क्षयाची निघाली, आणि छातीचा फोटो स्वच्छ. ना खोकला, ना ताप, वजन तर माहेरून आली त्यापेक्षा जास्तच.

"आई, मी आजारी आहे की नाही?" ती मला विचारायला लागली. मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. मला न कळलेली गोष्ट मी मान डोलावून सोडत नाही.

"तिच्या अंगात जंतू शिरलेत," त्या म्हणाल्या, "पण शरीराने त्यांना कोंडून ठेवलंय. ते झोपलेत. म्हणजे ती आज आजारी नाही आणि तिच्यापासून कुणाला लागणही होत नाही. पण दहांतल्या एखाद्याचा हा पहारा कधीतरी ढिला पडतो आणि झोपलेला उठतो. तो उठण्याआधीच संपवायचा. तिला वेगळं, थोडं औषध. आठवड्यातून एकदा, तीन महिने."

"म्हणजे सरबताचा डाग," मी म्हटलं.

"कसला?"

"शर्टावर साखरेचं सरबत सांडतं. सुकलं की काही दिसत नाही, गिऱ्हाईक म्हणतं स्वच्छ आहे. गरम इस्त्री फिरली की पिवळा डाग हसत वर येतो. शहाणा माणूस इस्त्रीच्या आधीच तो धुऊन काढतो."

डॉक्टरीणबाई हसल्या. "हे मी पुढच्या पेशंटला सांगू?"

"सांगा," मी म्हटलं, "पण माझ्या नावावर."

गोळ्या सुरू झाल्या आणि पोराची लघवी नारंगी झाली. तो पांढराफटक होऊन बाहेर आला. त्यातल्या एका औषधाचा तो रंगच आहे, घामातसुद्धा उतरतो, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, पण त्या वेळी हा खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या शुभ्र बनियनींच्या काखा नारंगी झाल्या. मी त्या शिव्या देत देत आणि खुशीत धुवायची. पुढे खोकला गेला, मान भरली, कॉलर पुन्हा गळ्याला बसली. तो इस्त्री मारताना शिट्टी वाजवायला लागला, आणि इथेच नणंदबाईंनी घोडं पुढे दामटलं.

नणंद फवारेबाबांच्या दरबारात रोज हजर. ती मला न सांगता दोघांना तिकडे घेऊन गेली. धाकट्याचा रुमाल पिवळा, सूनबाईचा काळाकुट्ट निळा. बाबांनी डोळे मिटले आणि सांगितलं, "याच्यातला क्षय उठला आणि हिच्यात जाऊन झोपला. याने आता गोळी घ्यायची नाही, नाहीतर तो वासावर परत येईल. हिनेही औषध सोडून माहेरी जावं. मोठ्या मेळाव्याला मी त्याला जागा करून बाहेर काढीन." सूनबाईच्या अंगात झोपलेला क्षय आहे हे बाबांनी एका शब्दानेही न विचारता ओळखलं, म्हणून नणंद तिथेच पाया पडली.

मला यातलं अवाक्षर कुणी कळू दिलं नाही. मला सांगितलं ते बनियनींनी. एके दिवशी धुलाईत त्या पांढऱ्या स्वच्छ निघाल्या.

"गोळ्या घेतोस ना?" मी धाकट्याला विचारलं.

"घेतो की."

"मग तुझा घाम काय सुट्टीवर गेलाय?"

सूनबाई रडायला लागली आणि सगळं बाहेर पडलं. मी घर डोक्यावर घेतलं, पण तिशीच्या पोराच्या तोंडात गोळी कोंबता येत नाही. त्याचं एकच पालुपद, "आई, मी बरा आहे. तूच म्हणतेस मान भरली. आणि बाबांनी हिचं कसं ओळखलं ते सांग." ते मला सांगता येईना. मग ती पैज लागली. सूनबाई मात्र माहेरी गेली नाही, कारण दारात मी उभी होते.

मेळाव्याच्या थोडे दिवस आधी बाबांचा मॅनेजर आमच्या दुकानी आला. जाड चष्म्याचा, तोंडात साखर. नणंदेने आमचं नाव सुचवलेलं. त्याने हातरुमालांचे दोन मोठे गठ्ठे काउंटरवर ठेवले, वर बाबांचा झगा.

"हा गठ्ठा कडक करायचा," तो म्हणाला. "आणि या दुसऱ्याला खळ अजिबात नको. नुसता धुऊन द्या. गठ्ठे वेगळे बांधा, यावर लाल दोरा, यावर पांढरा."

"खळ का नको?" मी विचारलं.

"काही लोकांच्या नाकाला टोचतं, मावशी."

तो गेला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाबा कसाही असो. त्याच्या मेळाव्याला सगळा गाव लोटणार, आणि आमच्या लाँड्रीतून गेलेला रुमाल तिथे ओल्या पोतेऱ्यासारखा लोंबणार. लोक म्हणतील, म्हातारीचा हात गेला. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "सगळे टाका खळीत. झगासुद्धा. वर दोरे त्याला हवे तसे बांधा." आमचे हे माझ्याशी वाद घालत नाहीत. म्हणूनच संसार टिकला. झगा तर असा तयार झाला की तो हँगरवर नाही, हँगर त्याच्यावर लटकल्यासारखा दिसत होता.

तर अशी मी त्या हॉलमध्ये बसले होते. दारात मॅनेजर दोन टोपल्यांतून रुमाल वाटत होता, एकाला डावीकडचा, एकाला उजवीकडचा. घाई इतकी की माणसाच्या तोंडाकडे बघायचा, रुमालाकडे नाही. माझ्या हातातला रुमाल कुरकुरला आणि, खरं सांगते, मला अभिमान वाटला.

फवारे सुरू झाले. पहिल्या बाईला बाबा म्हणाले, "हिच्यात आहे." फवारा. निळा. हॉल हळहळला. दुसऱ्याला म्हणाले, "हा निर्मळ." फवारा. निळा. बाबांनी बाटली हलवून पाहिली. तिसरा होता घड्याळं दुरुस्त करणारा आमचा शेजारी. बिचारा महिनाभर खोकत होता, विजार दोरीने बांधायची वेळ आलेली, आणि बाबांनी त्याला आधीच्या खेपेला निर्मळ ठरवून घरी पाठवलेलं. "हा तर माझा शुद्ध झालेला भक्त," बाबा म्हणाले आणि फवारा मारला. निळा.

नणंदेचा रुमाल निळा. सूनबाईचा निळा. आमच्या दुकानाचे गिऱ्हाईक असलेल्या वकीलसाहेबांचा निळा. हॉलच्या रखवालदाराने खोकलंसुद्धा नव्हतं, रुमाल घडीचाच होता, तोही निळा. लोक एकमेकांपासून सरकायला लागले, पण सरकणार कुठे, दुसऱ्या बाजूलाही निळाच बसलेला.

मग धाकटा. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, "हा माझा पूर्ण बरा झालेला," आणि फवारा मारताना स्वतःच डोळे मिटून घेतले. निळा.

धाकट्याने वळून माझ्याकडे पाहिलं. चेहरा उतरला होता. "आई," तो तिथूनच म्हणाला, "उद्यापासून गोळ्या घेतो."

मी पैज जिंकले होते. उठायचं, त्याला घेऊन घरी जायचं, एवढंच बाकी होतं. मी उठलेही.

तेवढ्यात बाबांना वाट सापडली. त्यांनी सूनबाईकडे बोट केलं. "ही. झोपलेला हिच्यात होता. आज इथे उठला आणि सगळ्यांमध्ये फुटला. मी सांगितलं होतं हिला घरात ठेवू नका म्हणून."

सगळा हॉल तिच्याकडे वळला. कुणीतरी ओरडलं, काढा तिला बाहेर. एका बाईने तिचा दंड धरला. सूनबाई दगडासारखी उभी, हातात तो निळा रुमाल. आणि तिच्या हातातल्या रुमालाकडे बघता बघता माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला, कारण तो निळा माझ्या रोजच्या ओळखीचा होता.

आता मी गप्प बसले असते तर पोरगा गोळ्या घेणार होता. पण कशावरून? रुमालावरून. उद्या दुसरा रुमाल पिवळा निघाला की पुन्हा बंद. आणि सून गेली असती ती वेगळीच. खोट्या नाण्याने जिंकलेला डाव मला नको होता. मी स्टेजवर चढले.

"बाबा, जरा बाटली द्या."

"बाई, ते सिद्ध पाणी आहे."

"असू दे. मीपण सिद्ध आहे." मी त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली आणि दुकानातून तशीच आले होते त्या माझ्याच कडक एप्रनवर फवारा मारला. छातीपासून गुडघ्यापर्यंत निळा-काळा.

"पाहिलंत, तुमच्यातसुद्धा," बाबा म्हणाले.

"माझं सोडा. एप्रनला फुप्फुस कुठे असतं तेवढं दाखवा."

मग मी टेबलक्लॉथवर मारला. आमच्याच दुकानातला, कडक. निळा. "टेबलाला क्षय," मी जाहीर केलं. रखवालदाराने युनिफॉर्मची कॉलर पुढे केली. निळी. वकीलसाहेबांनी न सांगताच कफ पुढे केले. आणि मग मी बाबांकडे वळले. बाबा मागे सरकले, पण झगा इतका कडक होता की त्यात पळता येईना. पोटावर एक, गुडघ्यावर एक, वळले तेव्हा पाठीवर दोन. शुभ्र झगा बघता बघता वादळी आभाळ झाला.

"महाराजांना पोटाचा क्षय, पाठीचा क्षय," मी म्हटलं, "आणि बसायच्या जागेचाही दिसतोय."

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग जो हशा उठला तो काही आवरेना. नणंदेचा दात पुन्हा पडला.

"आता नीट बघा," मी म्हटलं. "कुणाच्या खिशात घरचा, बिनखळीचा रुमाल आहे?" घड्याळवाल्याने आपला चुरगळलेला काढला. "खोका यात. मनसोक्त." तो बिचारा खोकला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मी फवारा मारला. नुसता पिवळट. "बघा. हा माणूस महिनाभर खोकतोय आणि याचा रुमाल निर्मळ. टेबल आयुष्यात कधी खोकलं नाही, त्याला क्षय. यात आयोडीन आहे, जखमेवर लावतात ते, पाणी घालून पातळ केलेलं. इस्पितळाच्या कडक चादरीवर ते सांडलं की हाच निळा डाग उठतो. खळीवर आयोडीन पडलं की निळं होतं, खळ नसेल तर होत नाही. त्यात ना देव, ना जंतू."

"आणि शांतिजलाने डाग जातो तो?" वकिलांनी विचारलं.

मी एप्रनचं टोक काचेच्या भांड्यात बुडवलं. पांढरं. "आम्ही हा डाग हायपोच्या पाण्याने काढतो. हायपो, फोटो धुणारे वापरतात तो. यात तोच असेल नाहीतर त्याचा भाऊ. यांच्याकडे दोन टोपल्या असतात. ज्याला आजारी ठरवायचं त्याला कडक रुमाल, ज्याला बरा ठरवायचं त्याला नरम. या वेळी धुवायला आमच्याकडे दिले, आणि मी सगळेच कडक केले. मला यांचं बिंग ठाऊक नव्हतं. मला फक्त माझ्या दुकानाची अब्रू ठाऊक होती."

"पण वहिनी," नणंद खालून म्हणाली, "हिच्या आत झोपलेला आहे हे बाबांना कसं कळलं?"

"तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"कुणालाच नाही. मी अशा गोष्टी बोलत नाही." ती थांबली. "मॅनेजरला तेवढं. रांगेत उभं असताना. ते इतक्या आपुलकीने विचारतात, वहिनी."

सगळ्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर तिथे नव्हता. टोपल्या होत्या.

लोक स्टेजकडे धावले, कुणी बाबांचा झगा धरला. मी रखवालदाराला आधी खिडक्या उघडायला लावल्या आणि मग पोलीस बोलवायला. बाबांना हात लावू दिला नाही. त्यांना मारून कुणाचा खोकला जाणार नव्हता.

आणि तेवढ्या गोंधळात धाकटा माझ्यासमोर येऊन उभा राहिला, हातात रुमाल, चेहरा एकदम खुललेला.

"म्हणजे निळा म्हणजे आजारी नाही," तो म्हणाला. "म्हणजे मी बरा आहे. पैज मी जिंकलो."

बघा. याचीच मला धास्ती होती. खोटं एकदा डोक्यात बसलं की ते फोडल्यावर त्याचे तुकडेसुद्धा चावतात.

"निळा म्हणजे आजारी नाही," मी म्हटलं, "आणि पिवळा म्हणजे बरा नाही. त्या रुमालाला तुझ्याबद्दल काडीचं ठाऊक नाही."

"मग पैज?"

"रुमालावर पैज लावणारे आपण दोघंही गाढव. पैज मोडली."

"मग मी बरा आहे की नाही, ते कोण सांगणार?"

मी तोंड उघडायच्या आत सूनबाई बोलली. सगळ्या हॉलने जिच्याकडे बोट केलं होतं ती, अगदी शांतपणे. "मी सकाळी दवाखान्यात जाणार आहे," ती म्हणाली. "त्या बाबाचं ऐकून माझंही औषध चुकलंय. मला विचारायचंय पुढे काय करायचं. तुझ्या थुंकीत काय आहे ते तू विचारायला येतोस, की मी एकटी जाऊ?"

मग त्याने रुमाल टोपलीत टाकला आणि म्हणाला, "येतो."

थुंकीत जंतू सापडले. अंगाने भरलेला, शिट्टी वाजवणारा, मान कॉलरीत घट्ट बसलेला माझा मुलगा, आणि आत जंतू पुन्हा वाढायला लागलेले. काचेवर रंगवलेले ते डॉक्टरीणबाईंनी त्याला भिंगातून दाखवले. बारीक लाल काड्या. तो बराच वेळ डोळा लावून बसला आणि उठला तेव्हा त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. जंतू औषधाला दाद देतात की नाही याचीही तपासणी झाली. देत होते. आम्ही आणखी उशीर केला असता तर कदाचित दिली नसती. कोर्स पहिल्यापासून सुरू झाला, मास्क पुन्हा चढला, बनियनी पुन्हा नारंगी झाल्या. सूनबाईने आपला संपवला, त्याने त्याचा संपवला, आणि शेवटच्या तपासणीत काच स्वच्छ निघाली. घड्याळवाल्यालाही मी त्याच आठवड्यात ओढत नेलं. त्याला जागा क्षय होता. बाबांच्या निर्मळ शिक्क्यावर तो घरात नातवंडांच्या तोंडासमोर खोकत बसला होता. आता तो औषधावर आहे आणि नातवंडांनाही डॉक्टरीणबाईंनी तपासलं.

मी तिसरीत शाळा सोडली. मला पुस्तकातलं सांगता येत नाही, धुतल्या कपड्यासारखं स्वच्छ एवढंच सांगते. दोन आठवडे खोकला हटत नसेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर थुंकी तपासा. घरात कुणाला क्षय निघाला तर बाकीच्यांनीही तपासून घ्या, धडधाकट असलात तरी. जागा असेल तर पूर्ण औषध, झोपलेला असेल तर तो उठण्याआधीचं औषध, आणि दोन्ही शेवटच्या गोळीपर्यंत. आणि झोपलेला क्षय असलेल्या बाईला घराबाहेर काढू नका. तिच्यापासून तुम्हाला काही होत नाही, तुमच्या मूर्खपणापासून तिला होतं.

आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी विचारा, हे कसं होतं, दुसऱ्या कपड्यावर करून दाखवाल का, माझ्या हाताने करू द्याल का. विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे उत्तर नसतं. आमच्या डॉक्टरीणबाई माझ्या प्रश्नांवर अजून एकदाही चिडलेल्या नाहीत, आणि मी त्यांना छळायचं बाकी ठेवलेलं नाही.